घरी न गेलेल्यांची दिवाळी

काशी हिंदू विश्वविद्यालयाला सुट्टी लागली की वसतिगृहांच्या खोल्यांना भराभर कुलपे लागतात. पण काही खोल्यांत दिवा जळतच असतो. घरापासून दीड हजार किलोमीटरवर अडकलेली ही मुले सण साजरा करतात तरी कसा?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी वाराणसीच्या लंका चौकात पाय ठेवायला जागा नसते. नाव ऐकून दचकू नका. तुलसीदासांच्या परंपरेतल्या रामलीलेत लंकेचा प्रसंग या भागात होत असे, म्हणून वस्तीला हे नाव पडले, असे काशीकर सांगतात. चौकात पंडित मदनमोहन मालवीयांचा पुतळा आहे आणि त्याच्या मागे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे भव्य सिंहद्वार. त्या दारातून त्या दिवशी मुलामुलींचे लोंढे बाहेर पडत असतात. पाठीवर सॅक, हातात मिठाईचा पुडा, बॅगेत आईसाठी घेतलेली एखादी साडी. रिक्षावाले ‘कँट, कँट’ असा पुकारा करत असतात. कँट म्हणजे वाराणसी जंक्शन. कुणाला बलियाला जायचे असते, कुणाला गोरखपूरला, कुणाला पाटण्याला. रात्रीपर्यंत घर, नाहीतर फार तर उद्या सकाळी.

या गर्दीत उलट्या दिशेने, म्हणजे दारातून आत, चालणारीही काही मुले दिसतात. मित्राला स्टेशनवर पोचवून ती परतलेली असतात. त्यांच्या हातात बॅग नसते, भाजीची पिशवी असते. कारण मेसच्या दारावर सूचना लागलेली असते: उद्यापासून मेस बंद.

ही मुले घरी न जाणारी. कुणी केरळचा असतो, कुणी मणिपूरचा, कुणी नेपाळच्या डोंगराळ भागातला, कुणी लातूर-नांदेडकडचा. मुंबई ते वाराणसी हा रेल्वेचा प्रवास सुमारे दीड हजार किलोमीटरचा. ‘महानगरी’सारख्या गाडीलाही चोवीस तासांहून अधिक लागतात. मुंबईत उतरून पुढे मराठवाड्यात किंवा कोकणात जायचे म्हणजे जाण्यायेण्यातच चार दिवस मोडतात. सुट्टी तेवढीच! शिवाय दिवाळीच्या गाड्यांची प्रतीक्षा यादी मारुतीच्या शेपटासारखी. संशोधन करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेतल्या कामाला सुट्टी ठाऊक नसते. आणि काहींच्या बाबतीत प्रश्न सरळ पैशांचा असतो. आईला फोनवर सांगितलेले कारण आणि खरे कारण एकच असते, असे नाही. ‘तिकीट मिळालं नाही गं’ या चार शब्दांच्या मागे कधीकधी न काढलेले तिकीट असते.

संध्याकाळी वसतिगृह रिकामे होते. एरवी बादल्यांचा आणि आरडाओरड्याचा गजबजाट असलेल्या व्हरांड्यात आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येऊ लागतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला तो आवाज सहन होत नाही. तो दार लावून घेतो, दिवा मालवतो आणि पडून राहतो. मग थोड्या वेळाने दारावर थाप पडते. बाहेरून कुणीतरी मोठ्याने विचारते, ‘‘कौन-कौन रुका है?’’

कोण कोण राहिले आहे? वसतिगृहातल्या सणाची सुरुवात या एका प्रश्नाने होते.

तिथीने येणारा वाढदिवस

या विद्यापीठाचे सणांशी नाते जन्मापासूनचे आहे. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी, वसंत पंचमी तोंडावर आलेली असताना, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. विद्यापीठ आपला स्थापना दिवस मात्र आजही तारखेने नव्हे, तिथीने साजरा करते. वसंत पंचमीला.

मालवीयजींनी गावोगाव आणि संस्थानोसंस्थानी हिंडून देणग्या गोळा केल्या. काशीनरेशांनी जमीन दिली. त्याच उद्घाटन सोहळ्यात ६ फेब्रुवारीला गांधीजींचे भाषण झाले आणि दागिन्यांनी मढून आलेल्या राजेरजवाड्यांना त्यांनी तिथल्या तिथे खडे बोल सुनावले. ते संस्थानिक आज इतिहासजमा झाले आहेत, पण त्यांच्या आणि शेठसावकारांच्या दानाची आठवण वसतिगृहांच्या नावांत शिल्लक आहे. लिंबडी, मोरवी, राजपुताना, धनराजगिरी, बिर्ला, रुइया, दालमिया, ब्रोचा. सौराष्ट्रातल्या लिंबडीचे नाव उभ्या आयुष्यात न ऐकलेला बिहारी मुलगा मोठ्या अभिमानाने सांगतो, ‘‘हम लिंबडी के हैं।’’

मालवीयजींना नुसते वर्ग भरवणारे विद्यापीठ नको होते. विद्यार्थी आणि अध्यापक एकाच आवारात राहतील, अशी त्यांची कल्पना. म्हणून सुमारे तेराशे एकरांचे अर्धवर्तुळाकार आवार आखले गेले. झाडांनी झाकलेले रुंद रस्ते, एका ओळीत विद्याशाखांच्या इमारती आणि त्यांच्यामागे वसतिगृहे. आज इथे तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात आणि वसतिगृहांची संख्या साठाहून अधिक आहे. म्हणजे एक छोटे शहरच! आणि शहर म्हटले की सणाला सगळेच गावाला जात नाहीत. कुणीतरी मागे राहतेच.

मुंबईची नव्हे, काशीची व्ही.टी.

‘संध्याकाळी व्ही.टी.वर भेटू’ असे कुणी म्हटले की नवखा मराठी मुलगा गोंधळतो. मुंबईतली व्ही.टी. इथे कशी आली? पण इथली व्ही.टी. म्हणजे विश्वनाथ टेंपल, विद्यापीठाच्या आवारातले नवे विश्वनाथ मंदिर. १९३१ साली त्याचा पाया घातला गेला आणि १९६६ साली ते पुरे झाले. मालवीयजी १९४६ सालीच गेले, त्यांना ते पुरे झालेले पाहता आले नाही. त्याचे उंच पांढरे शिखर आवारात कुठूनही दिसते.

मंदिराबाहेर चहाच्या, कोल्ड कॉफीच्या आणि खाण्याच्या टपऱ्या आहेत. परीक्षा, प्रेम, नोकरी, राजकारण असे सगळे विषय इथे निकालात निघतात. सुट्टीत राहिलेल्यांचे संमेलनही इथेच भरते. किती जण राहिले, कुणाच्या खोलीत जमायचे, वर्गणी किती काढायची, हे इथे ठरते. एरवी वर्षभर ज्याच्याशी बोलणे झालेले नसते, तो शेजारच्या इमारतीतला मुलगाही या यादीत येतो. अट एकच, त्याने घरी गेलेले नसावे.

पहाटेचे तेल आणि काशीच्या लाह्या

मराठी मुलाची खरी पंचाईत होते ती नरक चतुर्दशीच्या पहाटे. अभ्यंगस्नानाशिवाय दिवाळी कसली? पण इथे पहाटे चारला उठून अंगाला तेल लावणारा तो एकटाच. उटणे नसते, म्हणून आदल्या रात्री बेसनात हळद कालवून ठेवायची. पायाखाली फोडायला कारीट मिळत नाही. नळाचे पाणी गार. दात ओठ खात तो आंघोळ करत असतो, तेवढ्यात शेजारच्या नळावर आणखी कुणी येते. हा तमिळनाडूचा. त्याच्याकडेही आज पहाटे तेल लावूनच आंघोळ! एकमेकांपासून लांब असलेली दोन घरे अशी काशीच्या नळाखाली एक होतात.

उत्तरेकडच्या मुलांचा दिवस वेगळा असतो. काशी-अयोध्येकडे याच चतुर्दशीला हनुमान जयंती मानण्याची प्रथा आहे. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपली आश्विन वद्य चतुर्दशी ही त्यांची कार्तिक कृष्ण चतुर्दशी. संकटमोचन हनुमानाचे प्रसिद्ध मंदिर लंकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेव्हा अभ्यंगस्नान केलेला मराठी मुलगा मित्रांबरोबर संकटमोचनला जातो आणि हातात बेसनाच्या लाडवाचा पुडा घेऊन परततो. दिवाळीचा पहिला लाडू मिळाला, मग तो कुणाच्या का नावाने असेना!

धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत शहरात अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन खुले असते. वर्षातले एवढे मोजकेच दिवस. भक्तांना प्रसाद म्हणून नाणे आणि लाह्या मिळतात. ते नाणे वर्षभर पैशाच्या डब्यात आणि लाह्या धान्यात ठेवायच्या, म्हणजे घरात काही कमी पडत नाही, अशी श्रद्धा. तासन् तास रांगेत उभे राहून आलेली मुले ते नाणे पाकिटात जपून ठेवतात. लाह्या ठेवायला धान्याचा डबा कुठून आणणार? त्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बत्ताशांबरोबर वाटल्या जातात. आपल्याकडे लक्ष्मीपुढे साळीच्या लाह्याच ठेवतात, हे त्या मराठी मुलाला आठवते आणि एवढ्या लांबच्या गावी ओळखीचे माणूस भेटावे तसे त्याला वाटते.

मेस बंद, चूल चालू

आता प्रश्न जेवणाचा. एरवी दोन्ही वेळच्या पानाची काळजी मेसचे महाराज वाहतात. महाराज म्हणजे आचारी. पण दिवाळीला महाराजांनाही घर असतेच. तेही गावी गेलेले असतात.

मग बेत ठरतो बाटी-चोख्याचा. पूर्वांचलातला हा पदार्थ जणू वसतिगृहासाठीच जन्माला आला आहे. त्याला ना पोळपाट लागते, ना तवा. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या रचून विस्तव करायचा. कणकेचे गोळे त्यात भाजायचे. गोळ्यात सातू, म्हणजे भाजक्या हरभऱ्याचे पीठ, लसूण, मिरची आणि लिंबू घालून सारण भरले की तीच लिट्टी. त्याच निखाऱ्यांत वांगी, बटाटे, टोमॅटो भाजून सोलायचे आणि मोहरीचे कच्चे तेल, कांदा, मिरची, मीठ घालून कुस्करायचे. झाला चोखा! खानदेशातल्या मुलाला ते पाहून आपले भरीतच आठवते. ‘शेंगदाणे आणि कांद्याची पात घाला’ असा सल्ला तो देतो. तो कुणी ऐकत नाही. पण वांगी निवडायचे काम त्याच्याकडे येते.

पिठाचा अंदाज हमखास चुकतो. पहिल्या खेपेच्या बाट्या बाहेरून कोळसा आणि आतून कच्च्या निघतात. कुणी डोळे पुसत फुंकर घालते, कुणी तुपाची वाटी सांभाळते. घरी कधी चहाचा कपही न विसळलेला मुलगा इथे पातेले घासायला बसतो. आई सणाच्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकघरात काय करत असते, याचा हिशेब त्याला त्या दिवशी लागतो. वसतिगृहातल्या सणाने दिलेली ही शिकवण कुठल्याच अभ्यासक्रमात नसते.

दिवाळीच्या दिवशी पूर्वांचलातल्या घरी सुरणाची भाजी हवीच. खाल्ली नाही तर पुढचा जन्म छछुंदरीचा, असे म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे! म्हणून कुणीतरी आठवणीने सुरण आणतो आणि घसा खवखवेल या धास्तीने सगळे जण एकेक फोड तोंडात टाकतात. पहाटे सूप वाजवून दारिद्र्य हाकलायची त्यांची चाल. आपल्याकडेही लक्ष्मीपूजनानंतर झाडू-सूप घेऊन अलक्ष्मी घालवतात. वसतिगृहात सूप नसते. मेसमधली थाळी बडवून काम भागते!

फराळाचा डबा

दिवाळीच्या दोन दिवस आधी मराठी मुलाच्या नावाने खोका आलेला असतो. आईने कापडात शिवून, वर जाड अक्षरांत पत्ता लिहून पाठवलेला. आत चिवडा, शंकरपाळे, चकल्या, करंज्या आणि बेसनाचे लाडू. चकल्यांचे काय झालेले असेल, हे उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. पण चकलीचा चुरा चिवड्यात मिसळला की कुणालाही कळत नाही. उलट तो चिवडाच सगळ्यांत आधी संपतो.

करंजीवरून मात्र वाद होतो. ‘‘अरे, ये तो गुझिया है। दिवाली में?’’ उत्तरेत गुझिया होळीची. आपल्याकडे होळीला पुरणपोळी. शंकरपाळ्यांना ते शकरपारे म्हणतात. एकेक पदार्थ हातात घेऊन त्याचे नाव, त्याचा सण, तो कोण करते, असा सगळा इतिहास निघतो आणि बोलता बोलता डबा रिकामा होतो. खोका आला तेव्हा चार दिवस पुरवून खायचा, असे मनात ठरवलेले असते. पण दार लावून एकट्याने करंजी खाणाऱ्याला वसतिगृहात कुणी माफ करत नाही. आणि खरे म्हणजे ती एकट्याला गोडही लागत नाही.

पूर्वी या दिवशी लंकेवरच्या टेलिफोन बूथसमोर रांगा लागत. रात्री उशिरा एस.टी.डी.चे दर उतरत, तोवर मुले ताटकळत उभी राहत. काचेच्या खोक्यात शिरायचे, डोळा मीटरवर ठेवायचा आणि दोन मिनिटांत सगळ्यांची खुशाली विचारायची. आता मोबाइलवर आईचा चेहराही दिसतो. आई म्हणते, ‘‘सगळ्यांना दाखव बरं.’’ मग फोन हातोहात फिरतो. केरळचा, बिहारचा, नेपाळचा असे सगळे जण ‘‘आंटीजी, नमस्ते’’ म्हणतात, ‘‘चिवडा बहुत अच्छा था’’ असेही सांगतात. पुढच्या वर्षी खोक्याचे वजन दुप्पट होते, ते यामुळेच!

दाराच्या आतला सण

मुलींच्या वसतिगृहांत चित्र थोडे वेगळे असते. आवारातले महिला महाविद्यालय १९२९ सालचे. मुलींनी उच्च शिक्षण घ्यावे, अशी परिस्थिती फार थोड्या घरांत होती, त्या काळातले. इथे दिवाळीला खोलीखोलीपुढे रांगोळी उमटते. महाराष्ट्रातल्या मुलीची ठिपक्यांची, दक्षिणेतल्या मुलीचे कोलम, बंगालच्या मुलीची तांदळाच्या पिठाने काढलेली अल्पना. पणत्या, मेंदी, एकमेकींच्या साड्या नेसून काढलेले फोटो यांत रात्र सरते.

मात्र सण म्हणजे फक्त खोलीतली रोषणाई नव्हे. गंगेचा घाट दोनतीन किलोमीटरवर असताना फाटक बंद होण्याच्या वेळेपायी तो पाहता येऊ नये, ही खंत मुलींच्या पिढ्यांनी सोसली. मुलगा रात्री घाटावर, मुलगी आठ वाजता आत! सप्टेंबर २०१७ मध्ये, ऐन नवरात्रात, एका विद्यार्थिनीच्या छेडछाडीनंतर सुरक्षेसाठी आणि या दुजाभावाविरुद्ध मुली सिंहद्वारापाशी धरणे धरून बसल्या. साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. देवीचा उत्सव चालू असताना मुलींनी मागितले ते एवढेच, की निर्भयपणे चालता येईल असा रस्ता द्या. घरोघरच्या पालकांनीही विचार करावा असा हा प्रश्न आहे. काळजी आणि कुलूप या दोन गोष्टी एकच नव्हेत.

दिवाळी संपते, काशीची सुरू होते

भाऊबीज झाली की आपल्याकडे आकाशकंदील उतरवायचे दिवस येतात. काशीत तेव्हा कुठे रंग भरू लागतो. कार्तिक शुद्ध चतुर्थीला तुलसी घाटावर नागनथैया होते. कदंबाच्या फांदीवरून बाळकृष्ण झालेला मुलगा गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. सारा खेळ काही मिनिटांचा, पण तो पाहायला नावा आणि घाट माणसांनी भरून जातात. त्यानंतर दोन दिवसांनी छठ. मावळत्या आणि दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बायकांनी घाट फुलतात.

छठ आटोपून बिहारची मुले परततात आणि वसतिगृहात दुसरी दिवाळी होते. त्यांच्या पिशव्यांत गव्हाच्या पिठाचा आणि गुळाचा ठेकुआ असतो. छठच्या प्रसादाला नाही म्हणायचे नसते. कुणी अनरसे आणते, कुणी निमकी, कुणी लोणच्याची बरणी. व्हरांड्यात वर्तमानपत्रे पसरली जातात आणि सगळे डबे एकदम उघडतात. घरी गेलेल्यांनी घर थोडे थोडे बरोबर आणलेले असते. न गेलेल्यांचा त्यावर पहिला हक्क.

कार्तिक पौर्णिमेला येते देवदीपावली. अस्सीपासून पुढे मैलोगणती घाटांवर पायऱ्यापायऱ्यांनी लाखो पणत्या लागतात. आज तिला मोठ्या पर्यटन सोहळ्याचे रूप आले आहे. नावांची भाडी विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाहीत. पण दिवे लावायला हजारो हात लागतात आणि त्यांत कॉलेजच्या मुलांचे हात पुष्कळ असतात. वात भिजवायची, तेल ओतायचे, वाऱ्याने विझली तर पुन्हा लावायची.

या दिव्यांशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पंचगंगा घाटावर दगडी हजारी दीपस्तंभ आहे, तो अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला. विश्वनाथाचे मंदिरही त्यांनीच १७८० च्या सुमारास पुन्हा बांधले. याच घाटावर कार्तिक महिनाभर उंच बांबूंवर टोपल्यांतून दिवे चढवतात. त्यांना आकाशदीप म्हणतात. वसतिगृहाच्या गच्चीला कामट्यांचा आकाशकंदील टांगणाऱ्या मुलाला तो पाहून नवल वाटते.

संत एकनाथांनी आपल्या भागवताची समाप्ती केली तीही काशीतच, शके १४९५ म्हणजे इ.स. १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेला. शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर आलेले गागाभट्ट पैठणहून काशीत स्थिरावलेल्या घराण्यातले. ब्रह्माघाटाच्या बाजूला आजही मराठी घरे आहेत आणि तिथला सार्वजनिक गणेशोत्सव शंभर वर्षांहून जुना आहे. विद्येसाठी काशीला जायचे, परक्या गावात चार जणांत मिसळून राहायचे, ही मराठी मुलाची वाट अशी शेकडो वर्षांची.

विद्यापीठाच्या आवारातही मराठी घर होते. १९३२ पासून विष्णु वासुदेव नारळीकर इथे गणित शिकवत. त्यांचे पुत्र, विख्यात शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, याच आवारात वाढले आणि १९५७ साली इथूनच पदवीधर झाले. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रातले पहिले नगर आहे ते बनारस.

सरस्वतीचा दिवस

वसतिगृहाचा अगदी स्वतःचा म्हणावा असा सण मात्र वसंत पंचमीचा. त्या दिवशी कुणी घरी जात नाही. विद्यापीठाचा वाढदिवस आणि सरस्वतीपूजा एकाच दिवशी. पिवळे कपडे घातलेले विद्यार्थी चित्ररथ घेऊन शोभायात्रेत निघतात. वसतिगृहांत आठवडाभर आधीपासून वर्गणी, सजावट आणि मूर्तीची धावपळ चालते. बंगाली मुले पूजेचा विधी सांगतात, बिहारची मुले मंडप घालतात, मराठी मुलाला गणेशोत्सवाचा अनुभव म्हणून वर्गणीचा हिशेब दिला जातो. पूर्वी मूर्ती गंगेत जात. आता विसर्जन नेमून दिलेल्या कुंडांत होते.

ही एकजूट नेहमीच सोपी नसते. जात, भाषा, राजकारण यांवरून वसतिगृहांत कुरबुरी होतात, कधी हाणामाऱ्याही होतात. पण ज्याच्याबरोबर दिवाळीच्या रात्री निखाऱ्यातली बाटी काढताना बोटे भाजून घेतली, त्याच्यावर हात उगारणे जड जाते. ईदला एखाद्या खोलीतून किमामी शेवयांचे पातेले निघते, तेव्हा वाट्या घेऊन धावणारे हेच असतात.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे वसतिगृहे रिकामी झाली. ज्या घराची वर्षानुवर्षे ओढ होती, तिथे मुले महिनोन् महिने राहिली. सण आले, आईच्या हातचे ताट समोर आले. आणि कित्येकांना प्रथमच उलटी ओढ लागली. या सणाला आपण सगळे एकत्र असायचो, हे आता घरी बसून आठवू लागले.

शिक्षण संपते, मुले पांगतात. २०२५ साली लंकेवरचा रस्ता रुंद करताना लस्सी-कचोरीची जुनी प्रसिद्ध दुकानेही गेली. पण कुठल्याशा शहरात, नोकरीच्या गावी, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलाला शेजारच्या दाराआड एकटाच दिवा दिसतो. कुणी नवखा भाडेकरू, घरी न गेलेला. तो क्षणभर थांबतो आणि त्या दारावर थाप मारतो.

‘‘कोण राहिलंय आत? चला, जेवायला चला!’’

जाणार असाल तर

केव्हा : दिवाळी ते कार्तिक पौर्णिमा हे पंधरा दिवस सर्वांत रंगतदार. देवदीपावलीला अतोनात गर्दी असते, मुक्कामाची सोय खूप आधी करावी. गर्दी नको असेल तर वसंत पंचमीच्या सुमारास जावे.

कसे : मुंबईहून वाराणसीला महानगरी एक्स्प्रेस रोज जाते. पुण्याहून ज्ञानगंगा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा बनारस स्टेशनपर्यंत जाते. या स्टेशनचे जुने नाव मंडुवाडीह. विमानतळ बाबतपूरला आहे.

काय पाहाल : विद्यापीठाच्या आवारातले विश्वनाथ मंदिर सर्वांना खुले आहे. लघुचित्रे आणि शिल्पांसाठी भारत कला भवन हे संग्रहालय चुकवू नये. वसतिगृहांत मात्र बाहेरच्यांना प्रवेश नसतो. ओळखीचे मूल तिथे असेल, तर त्यालाच व्ही.टी.वर बोलवावे.

काय खाल : सकाळी कचोरी-जिलेबी, दुपारी बाटी-चोखा आणि थंडीच्या सकाळी मलइयो. दूध रात्री दवात ठेवून, घुसळून काढलेला हा केशरी फेस फक्त हिवाळ्यातच मिळतो.

काय न्याल : तिथे शिकणारे कुणी ओळखीचे असेल, तर फराळाचा डबा. एकाच्या नव्हे, दहा जणांच्या बेताने!